तीन दुरुस्त्या

फतेगंजात, खाखऱ्याच्या दुकानावर,
जिन्याला कठडा नाही अशी खोली.
झरणा सोलंकी. वय माझ्या धाकटीइतकं.
भाच्यानं नंबर दिला होता: मामा, फ्रीलान्स आहे.
म्हणजे काय, मी तिलाच विचारलं.
नोकरी नाही काका, दुकान पण नाही,
काम येईल तसं.
म्हणजे फेरीवाली.
हसली. तसंच समजा.

माझे वडीलही पेटी घेऊन
पादरा, डभोई, सावलीचे बाजार करायचे,
तागड्यांच्या साखळ्या सारख्या करत.
हे मी तिला सांगितलं नाही.
भाव करायचा होता.

बोर्ड हवा, बिलबुक हवं,
आणि काट्यावर चिकटवायला गोल स्टिकर.
रेडीमेड नको. रेडीमेडमध्ये
ती न्यायदेवी येते, डोळ्यांवर पट्टी.
माझ्या धंद्यात डोळे बांधून कसं चालेल?

साडेचार हजार, ती म्हणाली. अर्धे आधी.
दुरुस्त्या फक्त तीन. चौथीचे वेगळे.

दुरुस्ती.
खंडेराव मार्केटच्या मागे छत्तीस वर्षं
मी हाच शब्द विकतो.
गप्प बसून सव्वादोन हजार मोजले.

मंगळवारी रात्री पहिला नमुना आला.
मधोमध माझं नाव, बारीक,
भोवती सगळं पांढरं.
मी लिहिलं, बेन, एवढी जागा फुकट घालवली?
कागदाचे पैसे मी पूर्ण देतो.
खाली टाका: इलेक्ट्रॉनिक काटे, स्प्रिंग काटे,
लोड सेल बदलून मिळेल,
सरकारी शिक्का करून मिळेल,
दोन मोबाइल, वर गणपती.
तिनं एक शब्द न बोलता सगळं टाकलं.
बघितलं, तर भाजीवालीची पाटी
रस्त्यात पालथी झाल्यासारखं.
पण मागणारा मीच.

दुसरी दुरुस्ती लिपीची.
गिऱ्हाईक गुजराती, बोर्ड गुजरातीत.
तिनं 'शिर्के' लिहिलं
आणि मला वाटलं, कुणी दांडीच काढून नेली.
वडिलांच्या बिलावर ही अक्षरं
एका आडव्या रेघेला टांगलेली असायची,
पारडी टांगावीत तशी.
आता जमिनीवर उभी.
रेघ घाला, मी म्हटलं.
गुजरातीला रेघ नसते काका.
माहितीये. चौथी पिढी आहे इथं.
तरी.

तिसऱ्या वेळी मी स्वतःच गेलो.
ती 'र्के' सरकवत होती.
इकडे जड होतंय, स्वतःशीच म्हणाली.
मी खुर्ची ओढली.
केसभर डावीकडे.
नको, अर्धा केस.
तिनं श्वास धरला होता. मीही.
काटा थरथरत असतो तेव्हा
मी दुकानातला पंखा बंद करतो.
उठून तिचा बंद केला.
का, ते तिनं विचारलं नाही.

मग म्हटलं, खालचं सगळं काढ.
मोबाइल एकच ठेव.
गणपती?
गणपती दुकानात आहे.
पुन्हा पांढरं झालं. बरं वाटलं.
नव्या पोराला पहिल्या दिवशी
मी काही तोलायला देत नाही;
रिकामं पारडं आधी खरं बोलतंय का बघ, म्हणतो.
हे मला मंगळवारी कसं सुचलं नाही?

जाता जाता तिनं हाक मारली.
नावाच्या वर एक रेघ ओढलेली,
अक्षरांना न टेकता, जरा अधांतरी.
येणाऱ्याजाणाऱ्याला ती काट्याची दांडी वाटेल.
वाटू दे.

ही चौथी झाली, मी म्हटलं. हिचे किती?
ती लॅपटॉप मिटत म्हणाली,
आईचा काटा आहे, स्वयंपाकघरातला.
काही न ठेवता वीस ग्रॅम दाखवतो.

घेऊन ये, म्हटलं.
वीस ग्रॅम कुणाचे आहेत, बघू.